तिशीतले पिंपल्स आणि स्किनच्या डॉक्टरांची पहिली भेट

स्किनच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना आपण आज चेहऱ्यावर असलेले फोड दाखवायला जातो. डॉक्टर चिठ्ठी लिहितात ती मात्र मुख्यतः अजून न आलेल्या फोडांसाठी. एवढं एक नीट कळलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात: ट्यूब अख्ख्या चेहऱ्याला का लावायची, तीन महिने का थांबायचं, चेहरा साफ झाल्यावरही औषध का चालू ठेवायचं. ते न कळल्यामुळे चांगल्या डॉक्टरांनी दिलेलं योग्य औषध तिसऱ्या आठवड्यात कपाटात जाऊन पडतं आणि माणूस म्हणतो, ‘मला काही लागूच पडत नाही.’ मी हे माझ्या आसपास फार वेळा पाहिलं आहे, आणि दर वेळी वाईट वाटलं आहे, कारण यातला बराचसा त्रास टाळता येण्यासारखा असतो.

वयाच्या २५ वर्षांनंतरही न थांबलेले किंवा २५ नंतरच सुरू झालेले पिंपल्स, दोन्ही सर्रास दिसतात आणि बायकांमध्ये जास्त दिसतात. कुणाला दहावीपासूनचे चालूच असतात. कुणाला कॉलेजात एकही आलेला नसतो आणि ३२व्या वर्षी हनुवटीवर, जबड्याच्या कडेने, मानेच्या वरच्या भागात खोल, दुखरे फोड यायला लागतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ते वाढतात. घरात म्हणतात, अंगात उष्णता आहे, पोट साफ होत नसेल, लग्न झालं की जातील, एक मूल झालं की जातील. सांगणारे प्रेमानेच सांगतात, पण ऐकता ऐकता वर्षं निघून जातात आणि तेवढ्यात गालांवर खड्डे पडतात. खड्डा पडल्यावर तो भरून काढणं फार कठीण आणि खर्चाचं. लवकर जायचं ते एवढ्यासाठी.

छिद्राच्या आत

चेहरा, छाती, पाठ यांवरच्या रोमछिद्रांच्या आत तैलग्रंथी असतात. त्या तेल बनवतात, आणि किती बनवायचं ते अँड्रोजेन नावाची संप्रेरकं ठरवतात. ही पुरुषी समजली जाणारी संप्रेरकं बायकांच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतातच. छिद्राच्या आतल्या भिंतीवरून मेलेल्या पेशी सतत सुटत असतात आणि तेलाबरोबर बाहेर पडतात. पिंपल्स येणाऱ्या त्वचेत त्या नीट सुटत नाहीत, एकमेकींना चिकटतात आणि छिद्रात बूच बसतं. हे बूच सुरुवातीला इतकं बारीक असतं की आरशात दिसत नाही, बोटाला लागत नाही. मग त्यामागे तेल साचतं, आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारे क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जीवाणू तिथे वाढतात, शरीराची प्रतिकारशक्ती खवळते, आणि मग लाली, सूज, पू.

बूच बसल्यापासून फोड दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात, कधी कधी दोन महिनेसुद्धा. म्हणजे गणपतीत हनुवटीवर उठलेल्या फोडाची सुरुवात आषाढी एकादशीच्या सुमारास झालेली असू शकते. काल खाल्लेल्या बटाटेवड्याला दोष देताना हा हिशेब लक्षात ठेवावा. तळलेल्या पदार्थातलं तेल चेहऱ्याच्या ग्रंथीत जात नाही. रक्तातली साखर झपाट्याने चढवणारं खाणं, काही जणांच्या बाबतीत दूध, आणि व्यायामशाळेतली व्हे प्रोटीनची पावडर, यांचा पिंपल्सशी संबंध अभ्यासांत दिसला आहे. तुमच्याबाबतीत तसं होतंय असं वाटलं तर कमी करून पाहा. पण नुसत्या पथ्यावर जोरदार पिंपल्स आटोक्यात येतील, ही आशा ठेवू नका.

आणि ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो. उघड्या बुचातलं रंगद्रव्य हवेशी संयोग होऊन काळं पडतं. म्हणून दिवसातून सहा वेळा चेहरा धुऊन किंवा अक्रोडाच्या स्क्रबने घासून ते जात नाही. घासल्याने सूज मात्र वाढते. लिंबू, टूथपेस्ट, बेकिंग सोडा यांचंही तेच. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी काळी पडते, ते वेगळंच.

जाण्याआधी एक पिशवी भरा

पहिल्या भेटीत डॉक्टरांकडे मोजकी मिनिटं असतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून घरात असलेल्या सगळ्या ट्यूब, क्रीम, फेसवॉश, सीरम एका पिशवीत घालून न्या. नाहीच जमलं तर प्रत्येकाच्या मागच्या बाजूचा, म्हणजे घटक छापलेल्या बाजूचा फोटो काढा. पार्लरमधून मिळालेली नाव नसलेली पांढरी डबी, मेडिकलवाल्याने ‘हे लावून बघा’ म्हणून दिलेली ट्यूब, बहिणीची उरलेली ट्यूब, सगळं न्या. डॉक्टरांना यात धक्का बसण्यासारखं काही नसतं. आणि अनेकदा निदान त्या पिशवीतच सापडतं. कसं, ते पुढे सांगते.

पोटात जाणाऱ्या औषधांची यादीही हवी. टीबीच्या औषधांतलं आयसोनियाझिड, फिट्ससाठीचं फेनिटॉइन, लिथियम, स्टिरॉइडच्या गोळ्या, बी-१२ची इंजेक्शनं, यांनी पिंपल्ससारखं पुरळ येऊ शकतं. हार्मोन असलेलं गर्भनिरोधक, मग ते गोळी असो, इंजेक्शन असो की गर्भाशयात बसवलेलं, तेही सांगा. जिमला जाणाऱ्या पुरुषांनी पावडर आणि इंजेक्शनं दोन्हींबद्दल खरं सांगावं. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू असताना चेहऱ्याला लावलेली कुठलीच ट्यूब पुरी पडत नाही. यातलं कुठलंही औषध स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका, टीबीचं आणि फिट्सचं तर मुळीच नाही.

बायकांनी मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा लिहून न्याव्यात. येत्या वर्षभरात मूल हवं आहे का, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगून टाकावं. यावर अर्धी चिठ्ठी बदलते. सासूबाई किंवा आई बरोबर असतील आणि त्यांच्यासमोर बोलायला अवघड वाटत असेल, तर ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ असं डॉक्टरांना सरळ सांगता येतं.

मेकअप न करता जा. त्या आठवड्यात फेशियल, ब्लीच नको. आणि नेमका त्या दिवशी चेहरा बरा दिसतो असं हमखास होतं, म्हणून वाईट दिवसांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

कुणाकडे जायचं

पाटीवर ‘स्किन क्लिनिक’ लिहिलेलं असणं म्हणजे आत त्वचारोगतज्ज्ञ असणं नव्हे. डॉक्टरांच्या नावापुढे एम.बी.बी.एस.नंतर त्वचारोगातली एम.डी., डी.एन.बी., डी.व्ही.डी. किंवा डी.डी.व्ही.एल. यांपैकी काहीतरी असतं. शंका आली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का ते पाहता येतं. कॉस्मेटॉलॉजीचं नुसतं प्रमाणपत्र ही त्या तोडीची गोष्ट नाही.

खासगी दवाखान्याची फी परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात जरूर जा. पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नायर, सायन, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज अशा ठिकाणी त्वचारोगाची स्वतंत्र ओपीडी असते. सकाळी केस पेपर काढायचा, रांगेत बसायचं. विभागाच्या पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग’ लिहिलेलं असतं, काही ठिकाणी कुष्ठरोगही. ते पाहून कित्येक जण, विशेषतः मुली, दारातून परत फिरतात. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, आपल्याकडे हे विषय एकाच अभ्यासक्रमात शिकवतात म्हणून पाटी एकच. आत शिकणारे डॉक्टर तीन-चार जण मिळून चेहरा बघतील, प्रश्न विचारतील. त्यामुळे वेळ लागतो, पण बऱ्याचदा तपासणी अधिक सावकाश होते.

डॉक्टर काय बघतात

आधी चांगल्या उजेडात चेहरा बघतात, मग पाठ आणि छाती. सैल कपडे घाला. जबड्याखाली बोटांनी चाचपतात, कारण खोल गाठी दिसण्याआधी हाताला लागतात. किती फोड आहेत यापेक्षा कोणत्या जातीचे आहेत याकडे त्यांचं लक्ष असतं: नुसती बुचं, लाल पुटकुळ्या, पू भरलेले, की खोलवरच्या गाठी. कुठे आहेत हेही महत्त्वाचं. कपाळावर केसांच्या कडेनेच असतील तर डोक्याला थापलेलं खोबरेल तेल किंवा केसांची क्रीम खाली उतरत असेल. हनुवटीच्या पट्ट्याखाली असतील तर हेल्मेट. दुचाकीवरून जाताना चेहऱ्याला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ रोज धुतला जातो का, असा प्रश्न पुण्यात आला तर नवल वाटू नये. घाम आणि घर्षण दोन्ही एकाच जागी होतात.

कपाळावर, छातीवर, पाठीवर सगळे एकाच मापाचे बारीक दाणे असतील आणि खाज येत असेल, तर तो पिंपल्सचा प्रकारच नसेल. मॅलासेझिया नावाच्या बुरशीमुळे रोमछिद्रं सुजतात आणि दिसायला ते थेट पिंपल्ससारखं दिसतं. दमट हवेत, घामाने हे जास्त होतं, आणि अँटिबायोटिकने बरं होण्याऐवजी बळावतं. बुचं अजिबात नाहीत, गाल सतत लाल, ऊन आणि तिखट सोसत नाही, असं असेल तर रोझेशिया या वेगळ्या त्वचाविकाराचा विचार होतो. पुरुषांच्या दाढीच्या जागी आत वळलेल्या केसांचे फोडही पिंपल्स म्हणून मिरवतात. प्रत्येकाचं औषध वेगळं. मैत्रिणीला गुण आलेली ट्यूब आपल्याला का चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

पिशवीतली गोष्ट

आता त्या पिशवीबद्दल. आपल्याकडे चेहरा उजळ करण्यासाठी म्हणून खपणाऱ्या कित्येक मलमांत स्टिरॉइड असतं. ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल किंवा फ्लुओसिनोलोन असं नाव असेल तर ते स्टिरॉइड. ही वाईट औषधं नाहीत. एक्झिमा, सोरायसिस यांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली फार उपयोगाची आहेत. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली की मात्र सुरुवातीचे काही दिवस रंग उजळतो, फोड बसतात, आणि मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि नवे पिंपल्स येतात. मलम थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा होतो. घाबरून माणूस पुन्हा तेच लावतो आणि अडकतो.

हा प्रकार भारतात इतका पसरलेला आहे की आपल्या त्वचारोगतज्ज्ञांनी स्टिरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्याला वेगळं नावच दिलं आहे आणि त्यांची संघटना, आयएडीव्हीएल, याविरुद्ध मोहीम चालवते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती मिळतात. तुम्ही असं काही लावत असाल तर सांगायला जराही कचरू नका. चूक तुमची नाही, सहज मिळतं म्हणून घेतलं गेलं. सोडताना काही आठवडे त्रास होतो, तो कसा निभवायचा हे डॉक्टर सांगतात.

पाळी आणि रक्ताच्या तपासण्या

पिंपल्स घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला रक्ताच्या तपासण्या लागत नाहीत. पाळी दीड-दोन महिन्यांनी येत असेल, हनुवटीवर आणि वरच्या ओठावर जाड केस वाढत असतील, डोक्यावरचे विरळ होत असतील, वजन झपाट्याने वाढलं असेल, तर पीसीओडीची, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होते त्या विकाराची, शक्यता धरून टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं, थायरॉइड, साखर आणि सोनोग्राफी सांगितली जाते. संप्रेरकांच्या काही तपासण्या पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात करायच्या असतात, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडे फसवे येतात, म्हणून लॅबमध्ये जाण्याआधी दिवस विचारून घ्या. आवाज घोगरा होणं, महिन्या-दोन महिन्यांत अंगावर खूप केस येणं, हे असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

बऱ्याच जणींचे सगळे आकडे नॉर्मल येतात आणि त्या निराश होतात. आकडे नॉर्मल असूनही तैलग्रंथी त्या संप्रेरकांना जास्त संवेदनशील असू शकतात, आणि संप्रेरकांवर काम करणारी औषधं तरीही लागू पडतात. त्यातलं एक स्पायरोनोलॅक्टोन. रक्तदाब आणि अंगावरची सूज यांसाठी ही गोळी अनेक दशकं वापरात आहे. ती अँड्रोजेनचा परिणाम अडवते. इंग्लंड-वेल्समध्ये ४१० बायकांवर झालेल्या आणि २०२३ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा तिचा फायदा १२ आठवड्यांना थोडा आणि २४ आठवड्यांना स्पष्ट दिसला. म्हणजे इथेही वाट पाहणं आलंच. गरोदरपणात ती चालत नाही आणि पुरुषांना पिंपल्ससाठी दिली जात नाही. गर्भनिरोधक गोळ्याही काही जणींना दिल्या जातात. मायग्रेन, सिगारेट, घरात कुणाला रक्ताच्या गाठी झाल्याचा इतिहास असेल तर तो आधी सांगायचा.

चिठ्ठी कशी वाचायची

साध्या ते मध्यम पिंपल्ससाठीची चिठ्ठी बरीचशी ठरावीक असते. तिच्यावर एक रात्रीची ट्यूब असते, समोर ‘एच.एस.’ असं लिहिलेलं. एच.एस. म्हणजे झोपताना. या ट्यूबमध्ये अ‍ॅडापॅलिन किंवा ट्रेटिनॉइन असतं. दोन्ही रेटिनॉइड गटातली, अ जीवनसत्त्वाच्या कुळातली. छिद्रात बूच बसूच नये, हे त्यांचं काम. साऱ्या चिठ्ठीत महत्त्वाची ओळ हीच, आणि लोक सोडतात तीही हीच.

ती लावायची कशी ते नीट सांगते, कारण इथेच बिघडतं. चेहरा साध्या फेसवॉशने धुवा, टिपून घ्या, आणि पूर्ण कोरडा होऊ द्या. पंधरा-वीस मिनिटं थांबलं तर उत्तम, ओल्या त्वचेवर ती जास्त चुरचुरते. बोटावर वाटाण्याएवढी घ्या. अख्ख्या चेहऱ्याला एवढीच पुरते. त्यातले छोटे ठिपके कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी यांवर ठेवा आणि हलक्या हाताने पसरा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांचे कोपरे सोडा, तिथे आधी सोलवटतं. दिसणाऱ्या फोडावरच थेंब ठेवून काही उपयोग नाही. पुढचा फोड कुठे येणार हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून सगळीकडे. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड लावा. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग ट्यूब, वर पुन्हा मॉइश्चरायझर असं चालतं. गरोदर असाल किंवा प्रयत्न चालू असतील तर ही ट्यूब नाही, तेव्हा बहुतेक अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड देतात.

सकाळच्या ट्यूबमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड असतं, कधी क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकबरोबर. बेंझॉइल पेरॉक्साइड जीवाणू मारतं आणि त्याला जीवाणू सरावत नाहीत. २.५ टक्क्यांचं जवळपास १० टक्क्यांच्या इतकंच काम करतं आणि त्वचेची जळजळ त्याच्यापेक्षा कमी होते, तेव्हा ‘जास्त पॉवरची द्या’ असं मेडिकलमध्ये मागू नका. त्याने रंगीत टॉवेल, उशीचे अभ्रे आणि ओढण्यांचा रंग उडतो, पांढरा टॉवेल वापरा. नुसती क्लिंडामायसिनची ट्यूब महिनोन् महिने लावणं बरोबर नाही. जीवाणू तिला दाद देईनासे होतात.

लाल, पू भरलेले फोड खूप असतील तर काही काळ पोटातून अँटिबायोटिक देतात, बहुधा डॉक्सिसायक्लिन. ती जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घाईत घोटभर पाण्यावर घेऊन झोपलं तर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. लोहाच्या गोळ्या आणि अ‍ॅसिडिटीची औषधं तिच्याबरोबर घेऊ नका. ऊन बाधतं. साधारण तीन ते चार महिन्यांत ती बंद व्हायला हवी. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर घेत राहायची ही गोळी नव्हे.

मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लिहून दिलं की अनेकांना वाटतं डॉक्टर उगाच बिल वाढवत आहेत. तेलकट चेहऱ्यालाही ही दोन लागतात, कारण वरची औषधं त्वचा कोरडी करतात आणि काळे डाग उन्हाने गडद होतात. डब्यावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं घ्यावं. महागडंच हवं असं काही नाही, आणि परवडत नसेल तर डॉक्टरांना स्वस्तातलं सुचवायला सांगायला हरकत नाही.

तिसरा आठवडा

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात चेहरा कोरडा पडतो, सोलवटतो, चुरचुरतो. आत तयार असलेले काही फोड भराभर वर येतात आणि पुरळ वाढल्यासारखं वाटतं. ऑफिसात कुणीतरी विचारतं, ‘काय गं, चेहऱ्याला काय झालं?’ आणि त्या रात्री ट्यूब बंद होते. नेमक्या याच दिवसांत थांबायचं नसतं. फारच आग होत असेल तर दोन रात्री सोडा, मॉइश्चरायझर वाढवा, तिसऱ्या रात्री पुन्हा सुरू करा. चेहरा सुजला, पापण्या सुजल्या, अंगावर गांधी आल्या तर ती अ‍ॅलर्जी. मग औषध बंद आणि डॉक्टरांना फोन.

फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. आषाढात बसलेली बुचं गणपतीपर्यंत वर येतच राहणार, औषध लावा अथवा लावू नका. औषध ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवसानंतरची बुचं बसणं कमी होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसायला तेवढा काळ जावाच लागतो. लग्न ठरलं असेल तर मुहूर्ताच्या तीन आठवडे आधी नव्हे, किमान चार-पाच महिने आधी डॉक्टरांकडे जा.

आयसोट्रेटिनॉइन

खोल गाठी असतील, खड्डे पडत असतील किंवा बाकी सगळं करून थकला असाल तर या गोळीचं नाव निघतं. अमेरिकेत १९८२ साली तिला मान्यता मिळाली आणि तैलग्रंथी आक्रसवण्यात आजही तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. तिच्याबद्दल भीती खूप आहे. त्यातली एक शंभर टक्के खरी: गरोदरपणात ही गोळी पोटात गेली तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून बायकांनी गोळी सुरू करण्याआधी गरोदर नसल्याची खात्री करायची, गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर एक महिना गर्भधारणा पक्की टाळायची. याला अपवाद नाही, ‘अर्धीच गोळी आहे’ यालाही अपवाद नाही. पण ‘पुढे कधीच मूल होणार नाही’ ही भीती खोटी. महिना उलटला की औषध शरीरातून गेलेलं असतं.

बाकी, ओठ जवळजवळ सगळ्यांचेच फुटतात, लिप बाम खिशात ठेवावा लागतो. डोळे, नाक कोरडं पडतं. लिव्हर आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या सुरुवातीला आणि मधे होतात. जेवणाबरोबर घेतली तर नीट शोषली जाते. चेहऱ्याला वॅक्सिंग नको, कातडं निघतं. चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदान करायचं नाही. डॉक्सिसायक्लिनबरोबर ती घेत नाहीत. मन फार उदास व्हायला लागलं तर लगेच सांगायचं, आणि आधी कधी नैराश्याचा त्रास झाला असेल तर पहिल्याच दिवशी. मित्राच्या उरलेल्या स्ट्रिपमधून ही गोळी कधीही घेऊ नका.

डाग, खड्डे आणि पॅकेज

फोड बसल्यावर मागे राहतो तो सपाट तपकिरी-काळा डाग म्हणजे व्रण नव्हे. सूज आली की आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत रंगद्रव्य जास्त तयार होतं, ते काही महिन्यांत विरतं. रात्रीची ट्यूब आणि सनस्क्रीन यांनी लवकर विरतं, नखाने फोड फोडला तर वाढतं. किंचित रंग असलेलं, लोहाचा ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन अशा डागांना जास्त उपयोगी. बोट फिरवल्यावर जाणवतो तो खड्डा. त्यासाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं), लेझर, सबसिजन (खड्ड्याखालचे घट्ट धागे सुईने सोडवणं) असे उपाय आहेत, पण ते नवे फोड थांबल्यावर. पहिल्याच भेटीत कुणी सहा सीटिंगचं पॅकेज घ्यायचा आग्रह करत असेल तर ‘आधी औषधं करते, मग बघू’ म्हणून उठा.

आणखी एक सांगायचं राहू नये: हे फोड तुम्हाला किती छळतात. पाहुण्यांत जाणं टाळता, फोटोत मागे उभ्या राहता, आरसा चुकवता, हे डॉक्टरांना सांगा. ते रडगाणं नव्हे. उपचार किती जोरदार करायचे हे ठरवताना डॉक्टर फोड मोजतात तसा हा त्रासही धरतात. दहाच फोड असलेल्या माणसाला मोठ्या औषधाची गरज असू शकते.

दुसरी भेट साधारण चार ते सहा आठवड्यांनी असते. तिला सुधारणा दिसत नसली तरी जायचं, कारण ट्यूब सोसते आहे का, किती रात्री खरंच लावली, डोस बदलायचा का, हे तेव्हा ठरतं. सोडलेल्या रात्री लपवू नका, नाहीतर न घेतलेल्या औषधाला नापास ठरवून डॉक्टर पुढची पायरी गाठतील. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी काढलेले तीन फोटो, समोरचा आणि दोन्ही बाजूंचे, बरोबर असू द्या. १२ आठवडे मन लावून केल्यावरही फरक नसेल, तर डॉक्टर बदलण्याआधी त्याच डॉक्टरांना विचारा, ‘आता पुढचा पर्याय कोणता?’ त्यांनी तुमचा चेहरा पहिल्या दिवसापासून पाहिलेला असतो. आणि चेहरा साफ झाल्यावर अँटिबायोटिक बंद होतं, सकाळची ट्यूब कमी होते, रात्रीची मात्र आठवड्यातून काही रात्री, कधी कधी वर्षभर आणि त्याहून जास्त, चालू राहते.